एक अक्षर न बदलता

गेल्या वर्षी पेणला जिल्ह्यातल्या नव्या कवितेचा एक गौरवसोहळा झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण म्हातारा नट पहिल्या रांगेत बसवला की सभा जुनी आणि खानदानी वाटते. व्यासपीठावर कै. कमळाकर टिपणीस यांची तसबीर होती, तिला झेंडूचा हार होता. एकामागून एक वक्ते उठले आणि म्हणाले की टिपणिसांनी आपल्या मातीत ऱ्हासवादी कवितेचं रोप लावलं. मी आयुष्यभर रंगमंचावर खोटं बोललो, पण त्यासाठी निदान तोंडाला रंग लावत होतो. ही मंडळी कोऱ्या चेहऱ्यानं बोलत होती.

ती कविता जिनं खरोखर लिहिली, तिचं नाव सबंध सोहळ्यात एकदाही आलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. तिचं नाव सगुणा मोकल.

सगुणा जन्मली कासूच्या पलीकडे, खाडीच्या कडेला असलेल्या मिठागरावरच्या वस्तीत. घरातली सगळी माणसं दाजी शिलोत्र्यांच्या आगरात राबायची. चार इयत्ता शाळा झाली, मग लग्न झालं, मग नवऱ्यानं दुसरी आणली आणि ही माहेरी परत आली. माहेरी चिखल वाट बघत होताच. मिठाच्या पाण्यात उभं राहून पायांना चिरा पडत, आणि त्या चिरांत पुन्हा मीठ जाई. एकदा मला म्हणाली होती, "लोक बोलतात मेहनतीत देव हाय. मी बघितलाय त्याला. त्याच्या पन पायाला चिरा हायत."

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला ती दाजींच्या रामवाडीच्या घरी स्वयंपाकाला आली. वर्षभरात स्वयंपाकाला दुसरी बाई आली, तिच्याच गावची हौसा, आणि सगुणा माडीवर गेली. दाजी विधुर होते. त्यांनी काही लपवलं नाही, तिनंही नाही. तिचा भाऊ जनू याने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. वस्तीनं तिचं नाव टाकलं. पेणातल्या सभ्य बायका ती रस्त्यानं चालली की पदर नाकाला लावत, आणि ती पुढे गेली की पदर काढून तिच्या अत्तराचा वास घेत. हे मी मेन रोडवर उभं राहून स्वतः पाहिलंय आणि त्याची नक्कल करून मित्रांना कैकदा हसवलंय.

दाजी मुंबईच्या कॉलेजात शिकलेले. मिठागर वडिलोपार्जित, आवड मात्र पुस्तकांची, ग्रामोफोनची आणि अत्तराची. संध्याकाळी ते एक इंग्रजी पुस्तक उघडत आणि त्यातली एकेक ओळ मराठीत सांगत. फ्रान्सातल्या कुणा जुन्या कवींची ती पुस्तकं होती. कुजलेली फुलं, आजारी सौंदर्य, नशा, पाप आणि पापाचाही कंटाळा, असे त्यांचे विषय. सगुणा सुपारी कातरत ऐकायची. एकदा दाजींना थांबवून म्हणाली, "ह्यो मानूस आपल्या आगरावर येऊन गेल्ता काय? त्याला कसं ठावं, सडलेल्या पान्याला गुलाबी रंग येतो ते?"

त्यानंतर ती लिहायला लागली.

आता टिपणिसांकडे वळतो. वळायलाच हवं, नाटकात विदूषकाचा प्रवेश फार लांबवून चालत नाही. दर शनिवारी दुपारी दाजींच्या माडीवर एक मंडळ जमायचं. त्यात शाळामास्तर टिपणीस, एक दातांचा डॉक्टर आणि मामलेदार कचेरीतला एक कारकून होता. ते स्वतःला ऱ्हासवादी म्हणवून घेत. दुपारच्या उन्हात खिडक्यांना काळे पडदे लावून घामाघूम बसत, कारण त्या फ्रान्सच्या कवींना उजेड आवडत नसे असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दारूबंदी होती, तरी खाडीकडून हातभट्टीची बाटली येई. ती ते चांदीच्या पेल्यातून घेत, दोन घोटांत डोळे मिटत आणि पापावर कविता म्हणत. पाप म्हणजे काय, तर डॉक्टरांनी एका कवितेत शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्याकडे पाहिलं होतं. साडेपाचची एस.टी. चुकली तर घरी बायको ओरडेल, म्हणून यांचा ऱ्हास सव्वापाचला आटपायचा. मला तिथं नाट्यपदं म्हणायला बोलवत. पेणच्या आमच्या हौशी मंडळीत मी तेव्हा स्त्री-भूमिका करायचो. मी आयुष्यात पुष्कळ हीन प्रतीचे नट पाहिले, पण बिचाऱ्यांना निदान आपण नट आहोत हे माहीत होतं.

एका शनिवारी बोंबलाची ताटली ठेवायला आलेली सगुणा गेलीच नाही. दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी एक बोलू?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत बोलली,

केवड्याच्या पानाखाली साप निजला, निजू द्या,
माझ्या उशीखाली दुपार कुजली, कुजू द्या.

पुढेही होतं. काळ्या पडद्यांच्या त्या कोंदट खोलीत मी पहिल्यांदा काहीतरी काळं पाहिलं. दाजी पेला हातात धरून तसेच बसले होते. टिपणिसांनी घसा साफ केला.

"वा! लोकगीत का? आजीकडून ऐकलेलं असेल."

"लोकगीत नाय," सगुणा म्हणाली. "माजं हाय."

"तुझंच गं. म्हणजे तुमच्या समाजाचं."

"समाज माज्या उशीला येत नाय, मास्तर."

दाजी एवढ्या मोठ्यानं हसले की ग्रामोफोनची सुई घसरली. टिपणीस हसले नाहीत. त्यांनी तेव्हा एक मासिक काढलं होतं. ते दोन अंकांनंतर मेलं, आणि त्याच्या अंत्ययात्रेला चौथा माणूस मिळाला नाही. त्यात सगुणाची एकही ओळ छापली नाही. मात्र त्या शनिवारपासून टिपणिसांच्या कवितेत अचानक मीठ यायला लागलं. त्याआधी तिच्यात साखरही नव्हती.

सगुणाला एकच हवं होतं. आपलं पुस्तक. नाव आपलं आणि शब्दही आपले. तिला मान नको होता, मानाची तिला शिसारी होती. "मान दिला का मानसं जवळ बसायला येतात," म्हणायची. पण कविता छापून हातात धरायची होती. इतकी वर्षं तिनं जे काही केलं ते गावाच्या दृष्टीनं वाया गेलेलं होतं, आणि ती ते हसत कबूल करायची. फक्त कविता वाया जाऊ नयेत एवढंच तिचं म्हणणं.

मंडळ पुढे फुटलं. फुटलं म्हणजे सगळे सभ्य झाले. डॉक्टर भजनाला लागले, कारकून बदलून गेला. टिपणीस रोह्याच्या एका शाळेचे हेडमास्तर झाले आणि प्रार्थना लिहू लागले. त्या प्रार्थना मी ऐकल्या आहेत. देव आहे याचा भक्कम पुरावा म्हणजे त्यानं त्या सहन केल्या.

मग दाजींना जलोदर झाला. आजारपणात त्यांनी टिपणिसांना रोह्याहून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कमळाकर, सगुणाचं पुस्तक काढ. खर्च माझा. तुला फक्त छापखान्यात उभं राहायचंय." टिपणीस म्हणाले, "बघू." मुलगा हैबतराव उशाशी होता, तोही म्हणाला, "बघू, बाबा." दोघांचे दोन 'बघू' ऐकून दाजी भिंतीकडे तोंड करून निजले, आणि आठवड्यात गेले.

दहावा भोगावतीच्या काठी होता. आगरावरची सगळी माणसं आली होती. जनू होता, मुकादम काळुराम होता. बायका अशा जागी येत नाहीत, म्हणून सगुणा वर रस्त्यावर हौसाबरोबर उभी होती. पिंड मांडला. पिंपळावर कावळा येऊन बसला आणि बसूनच राहिला. पिंडाला शिवेना.

अशा वेळी काय करतात ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेल्याची इच्छा अडकली आहे असं धरून घरचे मोठ्यानं आश्वासनं देतात. जे पटतं त्यावर कावळा उतरतो. हैबतराव पुढे झाला. हा गृहस्थ तेव्हा पंचायतीच्या राजकारणात शिरला होता आणि आश्वासन देणं हा त्याचा धंदाच होता.

"बाबा, देवळाला कळस बसवू!"

कावळा पंख खाजवत बसला.

"बाबा, आगर विकणार नाही!"

काही नाही. ऊन चढलं. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग मागून काळुराम मुकादम ओरडला, "अरे सगुनाचं बोला की! मगापासनं काय कलस-फिलस लावलंय!"

हैबतरावाचं तोंड कडू काढा प्याल्यासारखं झालं. "सगुणाबाईंना रामवाडीचं घर राहील."

कावळा खालच्या फांदीवर आला. गर्दीत एक हुंकार उठला. हैबतरावानं टिपणिसांना कोपरानं ढकललं. हेडमास्तर पुढे आले, टोपी नीट केली आणि शाळा तपासायला साहेब आल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "दाजी, कविता छापू."

कावळ्यानं पाठ फिरवली.

"कुनाच्या?" जनू म्हणाला. तो बहिणीचं नाव घेत नसे, पण कावळ्यासमोर हिशेब चोख हवा हे त्याला कळत होतं.

"सगुणाबाईंच्या. त्यांच्या नावानं छापू."

कावळा खडकावर उतरला. दोन उड्या मारून थांबला आणि मान वाकडी करून हेडमास्तरांकडे बघू लागला. मी मोठमोठ्या कसलेल्या नटांबरोबर उभा राहिलो आहे, पण इतकी नेमकी थांबण्याची जागा घेताना कुणाला पाहिलं नाही. टिपणीस घामानं निथळत होते. शेवटी ओरडलेच, "जशाच्या तशा छापू, दाजी! एक अक्षर न बदलता!"

कावळा आला, भाताचा घास उचलला आणि नदीवरून निघून गेला. सगळे पटापट अंघोळीला पाण्यात उतरले. वर रस्त्यावर सगुणा अजून उभी होती. काळुरामानं जाताना वर पाहून सांगितलं, "झालं गो तुझं काम!" तिनं मान हलवली. पुरुषांच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. कावळ्यावर थोडा बसला असावा.

चार-सहा महिन्यांनी टिपणीस छापखान्यातले कच्चे कागद घेऊन रामवाडीला आले. सगुणानं मला बोलावून घेतलं होतं, मोठ्यानं वाचून दाखवायला. मी पहिलं पान वाचलं आणि थांबलो. तिनं लिहिलं होतं,

तुझ्या अंगाला मीठ लागले, जिभेला तहान लागली,
तहान भागू नये म्हणून मी समुद्र प्याले.

कागदावर होतं,

तुझ्या चरणांना फूल वाहिले, जिवाला आस लागली,
आस पुरावी म्हणून मी तीर्थ प्याले.

मी वाचत गेलो. हातभट्टीच्या जागी भक्ती आली होती. दाजींच्या छातीवरचा तीळ होता तिथं कौस्तुभमणी बसला होता. कुजलेली दुपार मंगल पहाट झाली होती, आणि साप गायबच होता. पुस्तकाचं नाव 'चरणरज'.

"मी फक्त सोज्ज्वळ केलंय," टिपणीस म्हणाले. "गाभा तुमचाच आहे, सगुणाबाई."

"माजा गाभा कुठं हाय यात? दाखवा बोट ठेवून."

"अहो, तुमचं भलं बघतोय. उद्या हे शाळांतून लावतील. बायका गातील."

"बायकांनी माजं काय वाईट केलंय, त्यांना हे गायला लावता?" सगुणानं कागद गोळा केले, नीट एकावर एक रचले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. "न्या. रोह्याला देवळं खूप हायत."

"मग पुस्तक निघणार नाही. निघालं तर हेच."

"शब्द दिल्ता तुमी."

"कावळ्याला!" हेडमास्तर म्हणाले आणि हसले. सुशिक्षित माणूस असं हसला की मला जगातल्या सगळ्या शाळा बंद कराव्याशा वाटतात.

 सगुणानं हौसाला पानाचा डबा आणायला सांगितला आणि टिपणीस जिना उतरून जाईपर्यंत पान लावत बसली. पान तिनं खाल्लं नाही. बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग म्हणाली, "मेल्यानं सापाला पन मारलं."

पण हौसानं 'कावळ्याला' हा शब्द ऐकला होता. ती दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेली आणि तिनं तो शब्द टिपणिसांच्या हसण्यासकट तिथं पोचवला.

ऐन पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. आमच्याकडे त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी भातात शिरतं, आगराची तळी बुडतात, आणि दर भरतीला भोक मोठं होत जातं. ओहोटीच्या वेळात माणसं चिखलात उतरून, ओळीनं उभं राहून, हातोहात चिखलाचे गोळे देत ते बुजवतात. हैबतरावानं निरोप धाडला. कुणी आलं नाही. मग तो स्वतः गेला. वस्तीतली माणसं अंगणात बसली होती.

जनू म्हणाला, "खांड आमी भरू, आन तुमचा बाप रातीला परत फोडंल. कशाला फुकट मरायचं?"

"बाबा कशाला फोडतील?"

"शबूद मोडलात त्यांचा. अक्सर बदललंत." काळुरामानं विडी दगडावर विझवली. "कावल्यासमोर बोल्लेला शबूद हाय शेठ. मस्करी हाय काय?"

हे लक्षात घ्या. या वस्तीला सगुणाच्या कवितेशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला ते कुलबुडवी म्हणत. तिनं काय लिहिलंय ते ऐकलं असतं तर कानावर हात ठेवले असते. पण साऱ्या जिल्ह्यात तिच्या कवितेतलं एक अक्षर हलू नये म्हणून काम टाकून बसलेली माणसं तेवढीच निघाली. आमच्या साहित्य मंडळांनी, ग्रंथालयांनी आणि व्याख्यानमालांनी यावर थोडा वेळ मान खाली घालावी. त्यांना सवय नाही, त्रास होईल, पण घालावी.

हैबतरावानं खूप समजावलं. छापून आणतो म्हणाला. त्यावर काळुराम म्हणाला, छापलेलं दाजीला कसं कळणार? दाजीला ऐकू गेलं पाहिजे. ज्यानं शब्द दिला त्यानं खांडीवर उभं राहून सगळ्या कविता मोठ्यानं वाचायच्या, जशाच्या तशा. मग चिखलात पाय घालू. भरतीमागून भरती जात होती. हैबतराव टिपणिसांच्या शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष होता, त्यामुळे हेडमास्तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं हजर झाले.

तो प्रयोग मी पाहिला. ओहोटी लागली होती. बांधाच्या तुटक्या टोकावर छत्री धरून टिपणीस उभे, धोतराला चिखल. सगुणानं घरून तिच्या हातचे कागद आणले होते, ते त्यांच्या हातात. खाली चिखलात पन्नासेक पुरुष आणि बायका गुडघाभर उभे, वाट बघत. आणि सगुणा बांधावर एका पाटावर बसलेली. जांभळं पातळ, अंगाला हीनाचं अत्तर. चिखलात पाय टाकणार नाही असं तिनं आधीच सांगितलं होतं, म्हणून हौसानं पाट आणला होता.

टिपणिसांनी सुरुवात केली. लोक कविता ऐकत नव्हते. ते सगुणाकडे बघत होते. प्रत्येक ओळीनंतर तिनं मान हलवली की पुढची ओळ.

"...रात्रीच्या ओठांवर सोमरसाचा—"

सगुणाची मान थांबली. "चुकलं."

"मास्तर, परत!" खालून जनू ओरडला.

"अहो, बायका आहेत इथं."

"बायकांनीच पोचवलीय ती तुमच्याकडं, शनवारची," हौसा म्हणाली, आणि चिखलात उभ्या सगळ्या बायका पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.

"हातभट्टीचा," टिपणीस पुटपुटले.

"दाजीला ऐकू नाय येत!"

"हातभट्टीचा!" हेडमास्तर खाडीकडे तोंड करून ओरडले. समोरच्या तिवरांतून बगळे उडाले.

असं एकेक वाचून होत गेलं. तीळ वाचला, साप वाचला, मीठ वाचलं. टिपणिसांचं वाचन गचाळ होतं, शब्द ते चिमट्यात धरून बाजूला ठेवल्यासारखे म्हणत होते. तरी त्या ओळी इतक्या चिवट होत्या की त्यांच्या तोंडातूनही जिवंत बाहेर आल्या. मी भल्याभल्यांच्या तोंडी चांगली नाटकं मरताना पाहिली आहेत, त्यामुळे याची किंमत मला कळते. शेवटच्या कागदावर आल्यावर मात्र सगुणा पाटावरून उठली.

"ती ऱ्हाऊ द्या."

"एकच उरलीय," टिपणीस म्हणाले. त्यांना सुटका दिसत होती.

"ती काढून टाका. पुस्तकात पन नको. वाईट हाय ती. दाजी मुंबईला निघाले का मी रडायची, तेव्हाची. कविता नाय ती. भीक हाय."

टिपणिसांनी आनंदानं कागद दुमडला. तेवढ्यात खालून जनू चिखल तुडवत वर आला. बहिणीपासून चार हातांवर थांबला. किती वर्षांनी तिच्याशी बोलत होता ते दोघांनाच माहीत.

"नाय काडायची," तो म्हणाला.

सगुणानं त्याच्याकडे पाहिलं. "दादूस, कविता माजी हाय."

"व्हय. पन शबूद दाजीला दिल्ला हाय. एक अक्सर नाय हलायचं."

"मीच लिवलीय, मीच काडतंय! तुला काय कळतंय त्यातलं?"

"मना कायच नाय कळत," जनू म्हणाला. "म्हनून तर. आज तू एक काडशील, उद्या ह्यो मास्तर एक काडंल. मंग खांड कोन भरंल? तू भरशील? तुजे पाय तरी लागतात काय चिखलाला?"

"नाय लागत. म्हनून तर गेले मी."

"गेलीस ती गेलीस. आता आलीयस तर वाच."

खालची माणसं आभाळाकडे आणि पाण्याकडे बघू लागली होती. पाणी वळायला फार वेळ नव्हता. सगुणा उभी राहिली. इतकी वर्षं तिच्या कवितांना सभ्य माणसांनी हात लावू नये म्हणून ती भांडली, आणि आता तिलाच हात लावू देत नव्हते. ती संतापली होती. मग मला वाटतं तिला त्यातली गंमत कळली, कारण ओठाचा एक कोपरा वर गेला. तिनं टिपणिसांच्या हातून कागद ओढून घेतला.

"द्या इकडं. आधीच वाईट हाय, तुमच्या तोंडून अजून वाईट ऐकायची नाय मना."

आणि तिनं वाचली. हावभाव नाही, सूर नाही.

जाऊ नको रे, भात उतरलाय,
गाडीला अजून अवकाश आहे.
जाऊ नको रे, मी गप्प बसते,
तू नुसता बस.

टाळी पडली नाही. तिथं टाळ्या वाजवायची रीत नव्हती आणि सगळ्यांचे हात चिखलात होते. कागद तिनं परत टिपणिसांना दिला. "छापा. सगल्या. ही पन."

जनू नाक वर ओढून म्हणाला, "बरी हाय की. ही तेवढी समजली."

"समजली म्हंजे वाईटच असनार," सगुणा म्हणाली. "जा आता, पानी येईल."

तो उतरला. काळुरामानं हाळी दिली, ओळ लागली, आणि चिखलाचे गोळे हातातून हातात सरकू लागले. एक म्हातारी वर बघून सगुणाला म्हणाली, "गो, ये की! तेवढाच एक हात वाढंल." सगुणानं तिच्याकडे न बघता पातळाच्या निऱ्या उचलल्या. हौसानं पाट उचलला. वाटेत छत्री झटकत उभ्या असलेल्या हेडमास्तरांजवळ ती क्षणभर थांबली.

"मास्तर, नाव 'खारट' ठेवा," ती म्हणाली, आणि बैलगाडीकडे निघाली.